अमोनियाचा सेन्सर आणि यावलचा घड

"सोमवारी परीक्षक येतील, सेन्सर बोंबलेल आणि मंगळवारपासून मला डॉक्टर म्हणायचं," असं गिरधर सरांनी घरात जाहीर केलं. सत्त्याण्णव सालची गोष्ट. सुनंदाबाई भाजी ढवळत राहिल्या. लग्न झाल्यापासून त्या हेच ऐकत होत्या आणि आता थोरली दहावीला होती.

सरांचं दुखणं एकच, झिंक ऑक्साईड. जळगावच्या कॉलेजात दिवसभर पोरांना रसायनशास्त्र शिकवायचं आणि उरलेल्या जिवात डोळ्यांना कण दिसणार नाही इतकी बारीक भुकटी करायची. जस्ताच्या क्षाराच्या पाण्यात थेंब थेंब अमोनिया सोडायचा, खाली बसलेला पांढरा साका गाळून भट्टीत भाजायचा आणि त्याचा लेप चकतीवर द्यायचा. तापलेल्या चकतीला अमोनिया लागला की भोंगा वाजला पाहिजे, एवढाच काय तो प्रबंध. वीज गेली की भट्टी थंड आणि भुकटी वाया. हे करता करता सरांचे केस भुकटीच्या रंगाला आले आणि अमोनिया हुंगून नाक कामातून गेलं. पण अखेर चकती जमली होती.

आता परीक्षक पुण्याचे, आणि पुण्याचा पाहुणा केळ्यांशिवाय परत पाठवणं सुनंदाबाईंच्या माहेरच्या रीतीत बसत नव्हतं. त्यांचे वडील निंबाआबा शुक्रवारी यावलहून एसटीनं अख्खा घड घेऊन आले. घड हिरवागार होता.

"सोमवारपर्यंत पिवया झाला पायजे," आबा म्हणाले. "कारबाईडची पुडी ठेवा अन् पोत्यात गुंडाया. घरात नका ठेवू, वास सुटते."

सरांनी घड प्रयोगशाळेत नेला. भट्टीशेजारचं कपाट कायम उबदार असायचं. पुडीवर पाण्याचा हबका मारून, पोतं गुंडाळून त्यांनी दार लोटलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी गेले.

शनिवारी चकती तापवली, तर भोंगा सुरू. अमोनियाची बाटली बंद, तरी भोंगा चालूच. सरांनी भुकटीला दोष दिला, मग भट्टीला, मग वीज मंडळाला. रविवारी जेवण सोडून नवी भुकटी केली, नवी चकती केली. तीही पहिलीसारखीच केकाटली. सर स्टुलावर बसले. त्यांना रडावंसं वाटलं, पण त्यालाही ताकद लागते. शेवटी किती गॅसला भोंगा वाजावा हे ठरवणारं बटण त्यांनी पिळत पिळत पार खाली आणलं. भोंगा गप्प झाला आणि सर घरी जाऊन झोपले.

सोमवारी परीक्षक आले. सरांनी अमोनियात बुडवलेला कापूस चकतीजवळ धरला. काही नाही. बाटलीच उघडली. तरी काही नाही. परीक्षकांच्या डोळ्यांतून मात्र धारा लागल्या.

"तुमच्या यंत्राआधी माझ्या नाकाला कळलं," रुमाल शोधत ते म्हणाले. "अजून वर्षभर काम करा."

सर वाद घालायच्या पलीकडे गेले होते. पाहुणचार तेवढा राहिला होता. त्यांनी कपाटातून पोतं ओढलं. घड सोन्यासारखा पिवळा झाला होता. परीक्षकांनी एक केळं सोललं, खाल्लं, दुसरं घेतलं आणि विचारलं की इतकी एकसारखी पिकवली कशी.

"कार्बाईडवर, साहेब. त्याचा जो गॅस सुटतो ना..." सर म्हणाले आणि तिथेच थांबले.

मग ते धावले आणि त्यांनी बटण वर फिरवलं. भोंगा असा केकाटला की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले. यंत्र बिघडलंच नव्हतं, कपाटातल्या कार्बाईडच्या गॅसला शनिवारपासून इमानानं ओरडत होतं, हे सरांनी एका दमात सांगितलं. परीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिसरं केळं सोललं.

"म्हणजे याला अमोनिया कुठला आणि केळ्याचा गॅस कुठला, हे कळतच नाही," ते म्हणाले. "वर्षभर त्यावरच काम करा."

संध्याकाळी सर घरी आले, चपला काढल्या आणि ओट्यावरच बसले. सुनंदाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. निकाल त्यांना चेहऱ्यावरूनच कळला होता, तरी काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं, "अहो, साहेबांना केळी तरी आवडली का?"

सरांनी आधी तांब्या रिकामा केला.

"केळी पास झाली," ते म्हणाले.