जावयानं खाल्लेली गाय

माझा जावई विल्मर याला मत नाही असा विषय देवानं अजून घडवलेला नाही. सकाळी मी अरेपा, म्हणजे आमची मक्याची भाकरी, तव्यावर टाकली की हा मागे उभा. "सासूबाई, रोम का बुडालं माहितीय?" मला एवढंच माहीत असतं, की माझी अरेपा जळतेय. दुःख म्हणजे काय, राजे का पडतात, मालिकेतली नायिका शेवटाला आंधळीच का होते, कुठल्या नव्या कंपनीत पैसा घालावा, सगळं याला ठाऊक. फक्त बायकोला ठेवायला घर कुठून आणायचं ते ठाऊक नाही. म्हणून तीन वर्षं तो आणि माझी लेक लुस दारी माझ्या पुढच्या खोलीत. त्या खोलीतलं माझं शिवणयंत्र न्हाणीघराच्या दारात आलंय. आंघोळीला जायचं तर झगा गुडघ्यापर्यंत वर धरून ते ओलांडायचं. माझ्या वयाला शोभतं का हे?

तर या मतांचीच त्यानं कंपनी काढली. तत्त्वज्ञ आणि राजे मालिकेतल्या जावांसारखे भांडवायचे आणि रोज एक भाग लोकांना फोनवर ऐकवायचा. त्यासाठी गल्लीनं गाय केली. चार घरांनी पैसे टाकून एखाद्याला उभं केलं, की आम्ही मेदेयीन शहरातले लोक त्याला 'गाय करणं' म्हणतो. अकरा घरांची ही गाय विल्मरनं चार महिन्यांत संपवली. ऐकणारी एकटी लुस दारी, तीही झोप येत नसली की.

मग कळलं, नव्या कंपन्यांत पैसा घालणारी नुरिया नावाची बाई स्पेनहून येतेय. तिनं हो म्हटलं, तर विल्मर भाड्यानं घर घेणार आणि माझी खोली मला परत मिळणार.

"तू आत कॉफी गाळ," मी त्याला सांगितलं. "तिला मी सांभाळते. दोन नवऱ्यांना पुरून उरलेय मी, ही तर एक बाई."

बाई आली. मी पुढं केलेली डुकराच्या तळलेल्या चकत्यांची ताटली तिनं हळूच सरकवली. मांस खात नाही म्हणाली. मग वही काढली.

"आतापर्यंत मदत कुणी केली?"

"कुण्या एकाची काय छाती! अकरा घरांनी मिळून गाय केली."

"गाय?" तिनं लिहून घेतलं. "आता कुठंय ती?"

"कुठं असणार? विल्मरनं खाल्ली."

"सगळी?"

"शेपटीसकट. पण उधळ्या नाही हो माझा जावई. चार महिने पुरवून खाल्ली."

तिचा चेहरा पिठासारखा झाला. "आणि लोक काही बोलले नाहीत?"

"काय बोलणार? मनानं दिली होती. पाद्रीबाबांचाही वाटा होता तिच्यात."

भाषा आमची एकच, पण स्पेनमध्ये गाय म्हणजे नुसती चार पायांची गाय, हे लुस दारीनं मला नंतर सांगितलं. आधी सांगायला मेलीच्या तोंडाला कुलूप होतं.

तेवढ्यात विल्मर कॉफी घेऊन आला. बाईनं विचारलं, "तुम्ही खरंच लोकांची गाय खाल्लीत?"

मत द्यायच्या आधी उचलतो तशी त्यानं हनुवटी उचलली. "खाल्ली, मॅडम. लाज कसली? इतिहासात प्रत्येक मोठ्या कामाआधी कुणाची तरी गाय खाल्ली गेलीय. पण ती पडली गरिबांची, हडकुळी. मला आता तुमच्यासारखी मोठी गाय हवी."

बाई उठली ती थेट टॅक्सीत.

संध्याकाळी अकरा घरं दारात जमली. काय झालं ते ऐकायचा त्यांना हक्कच होता. विल्मरनं सुरुवात केली, "रोममध्ये एकदा..." चौघं उठून चालू लागले. तसा तो घाबरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नुसतं घडलं तेवढंच सांगितलं. बाईचा आवाज काढला, माझाही काढला. मी काही तशी किंचाळत नाही. खाटीक हेरिबेर्तो हसून हसून पायरीवर बसला. पाद्रीबाबा डोळे पुसत म्हणाले, "शेपटीचं परत सांग." गेलेले चौघंही परत आले. जाताना सगळ्यांचा एकच प्रश्न, उद्या काय सांगतोस?

विल्मर फुगून आत आला. "सासूबाई, लोकांना गोष्ट का आवडते, याबद्दल माझं एक मत आहे."

"विल्मर," मी म्हटलं, "तुझ्या डोक्याला कुणी दमडी देणार नाही, पण तोंडाला गिऱ्हाईक आहे. राहा खोलीत. फक्त डोक्याला बजाव, विचारल्याशिवाय तोंडात यायचं नाही."