मानेचा काना सर केला त्याची हकीकत

समस्त दफ्तरी, लेखनिक आणि दुसऱ्याचे अक्षर लावता लावता ज्यांचे डोळे गेले ऐसे सज्जन, यांसी कळावे. एका उभ्या रेघेपायी अख्खे इस्पितळ धावणीस कैसे लागले, हे आपण पुसिले. तरी जाहले ते तिखटमीठ न लावता लिहितो. थोडे लागलेच तर तो दोष लेखणीचा, आमचा नव्हे.

इस्पितळाचे तळघरी, लिफ्टेचे डावे हाती दफ्तरखाना, आणि तेथील मुखत्यार आकडेबाई. त्यांचा अंमल ऐसा की, डाक्तर लोकांनी लिहिलेल्या रोगास नेमका आकडा द्यावा आणि तो विमादरबारी रवाना करावा, मग दरबारची मंजुरी यावी आणि मगच सुरी चालावी. मणका सरकला तर त्याचा एक आकडा, आणि कोठला सरकला यासाठी शेवटी एक अंक, मानेस दोन, कंबरेस सहा. कायदा बहुत कडक. डाक्तराने लिहिले तेच खरे. रोगी गळ्यास पट्टा बांधून समोर बसला असला तरी, कागदी मान नसेल तर त्यास मान नाही.

ऐसा पट्टा बांधून त्या दिवशी घड्याळवाले काका बाकावर बसले होते, शेजारी काकू. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून बंद घड्याळे चालती करावी, हा काकांचा चाळीस वर्षांचा पराक्रम. परंतु मानेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला आणि आतील मज्जारज्जूस दाबून बसला, आणि बोटे फितूर जाहली. प्रथम स्क्रू निसटले, मग कप निसटला, मग शर्टाची बटणे काकूंनी लावावी ऐसे दिवस आले, आणि शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही उमटेना म्हणून अंगठा उठवावा लागला.

शस्त्रक्रिया दुसरे दिवशी सकाळी आठास नेमली होती आणि मंजुरी त्या दिवशी पाचाचे आत हवी होती. हुकली तर पुढली पाळी सहा आठवड्यांनी, आणि तोवर गेलेली बोटे परततील याचा भरवसा मणकेसाहेब देईनात.

हे मणकेसाहेब म्हणजे मणक्यांचे सर्जन. सुरी धरावी तर त्यांनीच, आणि पेन धरावे तर अन्य कोणीही. त्यांच्या हातच्या इंग्रजी सी आणि एल या जुळ्या बहिणी. सी म्हणजे मान, एल म्हणजे कंबर. आकडेबाईंनी आदले दिवशी कागद उजेडात धरिला, उलटा धरिला, आणि मणके बहुतकरून कंबरेचेच सरकतात ऐसे जाणून एल वाचिली आणि सहाचा अंक देऊन खलिता धाडिला. सकाळी अकरास दरबारचा जबाब आला की, दुखणे कंबरेचे असता मानेवर स्वारी कशास, सबब नामंजूर.

मग आकडेबाईंनी फाईल काखेत मारिली आणि तपासणी विभागावर चाल केली. तेथे मालूम जाहले की, साहेब वॉर्डात. वॉर्डात गेल्या तो साहेब एक्सरे खात्यात, आणि तेथे गेल्या तो साहेब जेवावयास. अखेर दोनाचे सुमारास लिफ्टेच्या तोंडी गाठ पडली. साहेबांनी मजकूर ऐकून कपाळास आठी घातली आणि फर्माविले, "आता चक्क मराठीत लिहून देतो, मग तर झालं?" आणि फाईल भिंतीस टेकवून जागेचे रकान्यात एक शब्द लिहिला, खाली सही ठोकिली आणि लिफ्टेत अंतर्धान पावले. आकडेबाईंनी वाचिले, मान. हर्षभरे अंक दुरुस्त केला आणि कागद रवाना केला.

तीन चाळीसास जबाब आला. दरबारने लिहिले होते की, मणका मनाचा कैसा असतो हे कळत नाही, तथापि आजार मनाचा असल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा दाखला जोडावा.

पाहतात तो खरेच. साहेबांनी काना दिलाच नव्हता. आदले दिवशी बाईंनी मनचे वाचिले होते आणि आज मन असता मान वाचिली, ऐसी दोन्हीकडून फजिती.

काकू उठून दफ्तराचे खिडकीशी आल्या आणि हलकेच म्हणाल्या, "बाई, एक उभी रेघ तर आहे. ओढून टाका ना. कोण बघतंय?"

येथे सत्य लिहितो. पेन आकडेबाईंच्या हाती होते आणि ते कागदापर्यंत गेलेही होते. परंतु डाक्तराच्या लिखाणात दुसऱ्याने रेघ ओढणे ही लबाडी, आणि ती उघडी पडली तर काकांची सारी फाईलच बाद. त्यांनी पेनास टोपण घातले आणि म्हणाल्या, "काकू, रेघ मिळेल. पण त्यांच्याच हातची."

साहेब तेव्हा शस्त्रक्रियागृहात. दारी सिस्टरचा पहारा, आणि सिस्टरचा हुकूम ऐसा की, हातमोजे चढलेल्या हाताने पेनास शिवणे नाही. मग आकडेबाईंनी दारीच तळ दिला. सव्वाचार जाहले, साडेचार जाहले, आणि भिंतीवरील घड्याळ, जे काकांनीच एके काळी दुरुस्त केले होते, ते एक क्षणही सवड देईना. चार अठ्ठेचाळीसास साहेब मोजे उतरवीत आले, आणि बाईंनी फाईल त्यांच्या छातीवर रोखून म्हटले, "साहेब, काना."

साहेब कानास हात लावून उभे राहिले.

"अहो, तो नाही. मानेचा!"

मग उलगडा जाहला आणि साहेबांनी काना ओढिला, तो ऐसा की वरच्या ओळीतून निघून खालच्या दोन ओळी चिरीत गेला, आणि त्यावर सही, तारीख, वेळ सर्व आपल्या हाते घातली. आकडेबाई जिना उतरून दौडल्या. चार छप्पन्नास कागद सुटला आणि चार एकोणसाठास मंजुरी आली. काकू बाकावरच रडू लागल्या आणि काकांनी बधिर बोटांनी त्यांचा हात धरिला.

शस्त्रक्रिया यशस्वी जाहली. काका घरी जाण्याचे दिवशी दफ्तरी आले, शर्टाची बटणे आपली आपण लावून, जरी एक बटण चुकीचे काजात गेले होते. घरी सोडण्याचे कागदावर अंगठा घ्यावा म्हणून आकडेबाईंनी सवयीने शाईची डबी पुढे केली. काकांनी ती बाजूस सारिली आणि पेन मागितले. बहुत वेळ लागला, वेलांटी डगमगली, परंतु काना, मात्रा, अनुस्वार सर्व जागच्या जागी आले. आकडेबाईंनी चष्मा काढून पुसला.

मग काकांची नजर आपल्या सहीखालील मणकेसाहेबांचे सहीवर गेली. ती त्यांनी भिंग लावल्यागत डोळा बारीक करून न्याहाळिली, आणि चिंतेने पुसिले, "बाई, साहेबांचं अक्षर असं कधीपासून झालंय? माझंही आधी असंच झालं होतं. त्यांची मान कुणी तपासली का?"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते. मान दोनाचे अंकासह दफ्तरी दाखल जाहली, काना डाक्तराचे स्वहस्ते कायम जाहला, आणि काकांचा सवाल आकडेबाईंनी रीतसर अर्जात लिहून, स्वच्छ अक्षरात, मणकेसाहेबांचे टेबली ठेविला. जबाब आलेला आहे. तो अद्याप वाचता आलेला नाही.