बुकिंग नसलेल्या बाई

परवाना कचेरीत सव्वीस वर्षं टॅक्सीवाल्यांची कागदपत्रं तपासून निवृत्त झालेला हेडक्लार्क स्वतःच भाड्याची गाडी चालवू लागला, तर त्याला कोण पकडणार? बोलता बोलता कायद्याचं कलम सांगणाऱ्या या हेडक्लार्कना कचेरीत सगळे पाठीमागे कलमराव म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं आणि मनातून आवडतही होतं.

गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी बायकोला समोर बसवून समजावलं.

"टॅक्सी वेगळी आणि आपली गाडी वेगळी. टॅक्सीला रस्त्यात कुणीही हात दाखवावा आणि बसावं. आपली खाजगी. आधी जिच्याकडे गाडी लावली त्या कंपनीच्या ऑफिसात फोन, मग बुकिंगची नोंद, मग गाडी. बिनबुकिंगचं भाडं एकदा जरी घेतलं, तरी कायदा मानगूट धरतो."

"आणि मी रस्त्यात हात दाखवला तर?"

"तुझ्याकडून भाडं कुठे घेणार? घरच्या माणसाला नेता येतं."

"उपकार झाले कायद्याचे," असं म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली.

तीन आठवडे कलमरावांनी गाडी अशी चालवली, की गाडीलासुद्धा दडपण यावं. लोक हात दाखवायचे, हे काच खाली करून कायदा सांगायचे आणि लोक काही ऐकून न घेता पुढे चालू लागायचे.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी साडेदहाला, चौकातल्या बँकेसमोर, साठीच्या एक बाई फुटपाथवरून घसरून पडल्या. कलमराव धावले. घोटा बघता बघता नारळाएवढा सुजला. आसपास एकही टॅक्सी नव्हती.

"दवाखान्यात सोडतो," कलमराव म्हणाले. "पैसे मात्र घेणार नाही. कायद्याने घेता येत नाहीत."

बाई मागच्या सीटवर बसल्या, पर्समधून नोट काढली आणि पुढे हात घालून स्टिअरिंगजवळ ठेवली. कलमरावांनी ती परत दिली. बाईंनी पुन्हा ठेवली. तिसऱ्यांदा परत दिल्यावर बाईंनी चालत्या गाडीचं दार उघडलं.

"फुकट मी कुणाच्या गाडीत बसत नाही. उतरते इथेच."

कलमराव ओरडले, "ठेवा, ठेवा, पण दार लावा!"

पुढच्याच सिग्नलला निरीक्षकाने हात करून गाडी बाजूला घ्यायला लावली. निरीक्षक म्हणजे कलमरावांच्याच हाताखाली तयार झालेला मुलगा. उमेदवारीची सात वर्षं त्याने कलमरावांच्या बायकोच्या हातचा डबा खाल्लेला.

"साहेब, तुम्ही?" तो हसला. मग त्याची नजर मागच्या सीटवर गेली, तिथून नोटेवर आली, आणि हसू मावळलं. "बुकिंगची नोंद दाखवता का?"

कलमराव नसलेली नोंद शोधायला खिसे चाचपू लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, अगदी गोड आणि स्पष्ट.

"बुकिंग कसलं? हे माझे मिस्टर आहेत."

त्या बाईंनी एका मोठ्या कंपनीत तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली होती. साहेब समोर बसलेले असताना 'साहेब बाहेरगावी आहेत' असं दिवसातून पन्नासदा सांगितलं होतं. खोटं बोलताना त्यांचा आवाज जराही हलत नसे.

"आणि ही नोट?" निरीक्षकाने कसंबसं विचारलं.

"भाजीचे पैसे. यांना रोज आठवण करून द्यावी लागते."

निरीक्षक पांढराफटक पडला. त्याने एकदा कलमरावांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि मग बुटांकडे.

कलमराव मनातल्या मनात गोते खात होते. खरं सांगावं तर गाडी बंद होते, गप्प बसावं तर अब्रू जाते. निर्णय होण्याआधीच निरीक्षक हळूच म्हणाला, "जा साहेब. मी काही पाहिलं नाही." आणि त्याने डोळे पुसले.

दवाखान्यात बाईंना एक्स-रेसाठी बाकावर बसवलं. नर्सने फॉर्म कलमरावांच्या हातात दिला आणि पतीची सही इथे करा म्हणाली. "मी पती नाही," असं ते तिसऱ्यांदा सांगत होते, तेवढ्यात दार ढकलून त्यांची बायको आत आली. मागे निरीक्षक.

"साहेब, माफ करा," तो म्हणाला. "काकूंचं मीठ खाल्लंय. तुमच्या गाडीमागे इथवर आलो, आणि त्यांना फोन करून बोलावल्याशिवाय राहवलं नाही."

बायको रडली नाही, ओरडली नाही. बाकासमोर उभी राहून तिने शांतपणे बाईंना विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"साडेदहापासून," बाई म्हणाल्या.

कलमराव ताडकन पुढे झाले. सगळा दवाखाना ऐकेल अशा आवाजात ते म्हणाले, "ही माझी कुणी नाही. मी हिला रस्त्यावरून उचललं आणि पैसे घेतले!"

औषधांच्या खिडकीपाशी उभे असलेले चार जण गर्रकन वळले. नर्सने फॉर्म छातीशी धरला.

"गाडीत!" कलमराव घाईघाईने म्हणाले. "गाडीत बसवलं. बुकिंग नव्हतं. भाडं घेतलं."

बाईंनी सुजलेला पाय पुढे करून घडलेलं सगळं सांगितलं. बायको मटकन बाकावर बसली.

"म्हणजे तुम्ही कायदा मोडलात?" तिच्या चेहऱ्यावर असा धक्का होता, की त्यापेक्षा दुसरी बायको निघाली असती तर बरं, असं कलमरावांना वाटून गेलं.

निरीक्षकाचा मात्र जीव भांड्यात पडला होता. त्याने आनंदाने पावतीपुस्तक काढलं. "एवढंच ना साहेब? कलम बारा लावतो. चुकीच्या जागी गाडी उभी केली. किरकोळ दंड भरा आणि विषय संपवा."

कलमरावांनी मान डोलावली, पेन घेतलं, सही करायला वाकले आणि तिथेच थांबले.

"बारा कसं लागेल?" ते म्हणाले. "बिनबुकिंगच्या भाड्याला चौदा लागतं. एवढी वर्षं शिकवलं ते काय पाण्यात गेलं?"

"साहेब, चौदाला महिनाभर गाडी बंद राहते."

"मला माहीत आहे. खोड ते आणि नीट लिही."

निरीक्षकाने खोडलं, नीट लिहिलं आणि गाडीची किल्ली मागितली. मग कलमराव, त्यांची बायको आणि पायाला प्लॅस्टर घातलेल्या बाई, असे तिघं दवाखान्याच्या फाटकाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येक टॅक्सीला हात दाखवू लागले. बराच वेळ एकही थांबली नाही. टॅक्सीवाल्यांनी कलमरावांना लांबूनच ओळखलं होतं.