डोमाजीकाकांचा डावा डोळा

आमचे शेजारी डोमाजीकाका जेवायला बसले की त्यांचा डावा डोळा रडायला लागायचा. तिखटानं म्हणाल तर तसंही नाही, साध्या दहीभातानंही रडायचा.

काका टेलिफोन ऑफिसात तारा जोडायचे. एका हिवाळ्यात लकव्यानं त्यांचं तोंड वाकडं झालं, काही महिन्यांनी सरळही झालं, पण ही भानगड मागे राहिली. डॉक्टरांचं म्हणणं ते आपल्या भाषेत समजावून सांगत. "जिभेले चव लागली का ते डोक्याले वर्दी देते. डोकं नसेतून लाळेच्या गाठीले सांगते, सोड पाणी. माही नस लकव्यात बिघडली अन् जुळताना भलतीकडंच जुळली. फोन लावला लाळेले, उचलते डोळा. क्रॉस कनेक्शन हाय गा, मी रडून नाही राहिलो."

पण पंगतीत हे किती जणांना सांगणार? लकडगंजातल्या एका लाकूडवाल्याच्या तेरवीला मीच त्यांना नेलं होतं. मेलेल्याशी काकांची ओळख नमस्कारापुरती. जिलबीचा तुकडा तोंडात गेला आणि डोळ्याला धार लागली. लाकूडवाल्याच्या म्हाताऱ्या बायकोनं ते पाहिलं आणि आपल्या पोरांना सुनावलं, "तुमच्या बापासाठी परका माणूस रडून राहिला, तुमाले काही वाटते का?" पोरांनी माना खाली घातल्या. काकांनी हात धुतला आणि ते ताटावरून उठले. रस्त्यात म्हणाले, "मले लय लाज वाटली गा. मी जिलबी खाऊन राहिलो होतो अन् ते बाई मले हात जोडून राहिली होती."

तेव्हापासून ते घरीसुद्धा भिंतीकडे तोंड करून जेवायचे. बायको केव्हाच गेली होती. मुलगी शकू आपलं ताट घेऊन त्यांच्या बाजूला, तीही भिंतीकडेच तोंड करून बसायची.

शकूच्या लग्नात पाठवणीची वेळ आली. चारचौघांत बापानं रडायचं म्हणजे काकांना मेल्याहून मेल्यासारखं. दिवसभर उपाशी असलेला हा माणूस संत्रा बर्फीचा अख्खा तुकडा तोंडात कोंबून मांडवाच्या दारात उभा राहिला. दोन्ही डोळे वाहत होते आणि वरपक्षातल्या दिसेल त्याला ते फुगल्या गालांनी सांगत होते, "क्रॉस कनेक्शन."

शकूनं मेंदीचा तळवा त्यांच्या हनुवटीखाली धरला.

"थुका, बाबा."

"काहून वं?"

"मी चालली ना आता. आज तरी माह्यासाठी रडा, बर्फीसाठी नका रडू."

काकांनी बर्फी तिच्या हातावर काढून ठेवली. मग तिच्या खांद्यावर डोकं टेकून ते बराच वेळ रडले, आणि कोणालाच काही समजावून सांगायला गेले नाहीत.