उड्या झेलणारी जमीन

आमच्या शेजारचे तात्या कुणाच्या घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत. उंबऱ्याच्या आत गुडघे टेकून बसतात आणि बोटांच्या पेरांनी जमीन वाजवून बघतात. माझ्या भाचीला बघायला राजापूरहून पाहुणे आले होते. पोहे चालू असताना तात्या आले, पाहुण्यांच्या पायांजवळची फरशी वाजवली आणि गंभीरपणे मला म्हणाले, "मास्तर, तुमच्या जमिनीला माया नाय." ते स्थळ जमलं नाही. आमची ही अजून तात्यांनाच बोल लावते.

तात्यांनी जन्मभर मच्छीमारांच्या लाकडी होड्या बांधल्या. हातात कसब, तोंडात शब्द कमी, आणि एकदा डोक्यात बसलं की ब्रह्मदेव आला तरी निघायचं नाही. मुलगी सुमन बॅडमिंटनमध्ये नाव काढणार, हे असंच त्यांच्या डोक्यात बसलं होतं. घरामागच्या शेडमध्ये सिमेंटचा कोबा होता. त्यावर रोज सकाळी तिला दोनशे उड्या. दुखतंय म्हणाली की, "दुखणारच. अजून पन्नास मार." सतराव्या वर्षी पोरीचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, खेळ संपला. मी तोंडावर सांगितलं होतं, तात्या, पोरीचे हाल करताय. त्यावर वर्षभर माझ्याशी अबोला.

सुमन आता चिपळूणला शिक्षिका आहे. जिना चढताना मध्ये थांबते. माहेरी यायची, सगळ्यांशी नीट बोलायची, पण शेडमध्ये पाऊल टाकायची नाही.

गेल्या वर्षी तात्यांनी त्या कोब्यावर लाकडी जमीन करायला घेतली. उडी झेलणारी, गुडघ्याला धक्का न देणारी. खाली ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे, त्यावर आडवेउभे वासे, मग प्लायवूड, वर सागाच्या फळ्या. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणायचे, "खेळतील गावातली पोरं." जमीन किती झेलते ते बघायला स्टुलावर चढून सोललेला नारळ खाली सोडायचे. फुटला की टायरचे तुकडे बदलायचे. दोन महिने सगळी आळी खोबऱ्याच्या वड्या खात होती.

मे महिन्यात जमीन पुरी झाली. पण हात पडला होडीवाल्याचा! फट दिसली की त्यांना पाणी शिरलेलं दिसतं. तेलात भिजवलेला कापूस ठासून त्यांनी भिंतीपर्यंतची एकूण एक फट बुजवली. पावसाळ्यात लाकूड फुगलं, पसरायला जागा नाही, आणि जमीन मधोमध वीतभर वर आली. मला हसू आवरेना. तात्या हसले नाहीत.

"मास्तर, मी कशालाच जागा ठेवत नाय," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

दिवाळीनंतर त्यांनी एकेक फळी उपटली, रंधा मारला आणि भिंतीकडेने दोन बोटं जागा सोडून पुन्हा बसवली. यंदाच्या पावसात जमीन हलली नाही.

गौरीला सुमन आली. तात्यांची हिंमत होईना. "मास्तर, तिला जरा दाखवा," म्हणून मलाच पुढे केलं. ती कशी कोण जाणे, आली. चपला काढून अनवाणी आत गेली, मधोमध उभी राहिली, टाचा उचलून दोनदा हलकेच खालीवर झाली. तात्या दारातच उभे.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"नाय."

मग तात्या खाली बघत म्हणाले, "तेव्हा तू दुखतंय म्हणत होतीस. मी ऐकलं नाय. चुकलं माझं, गो."

सुमन तिथेच फळ्यांवर बसली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "तात्या, इतकी वर्षं मला एवढंच ऐकायचं होतं. त्यासाठी ही अख्खी जमीन कशाला बांधलीत?"

"बोलता आलं असतं," तात्या म्हणाले, "तर कशाला बांधली असती?"