डाव्या खिडकीची शिटी

"गाडीच्या त्या शिटीचं काही करता येईल का हो?" बायकोने सकाळी चहा गाळताना विचारलं आणि चष्मेवाल्यांचा कप ओठांपाशीच थांबला.

गाडी त्यांच्या लग्नाआधीची. तिचे सुटे भाग बाजारातून नाहीसे होऊनही जमाना लोटला होता. वेग जरा वाढला की डाव्या खिडकीतून वारा शिरायचा आणि किटली उकळल्यासारखी शिटी सुरू व्हायची. डावीकडे बायको बसायची. ती बोलायची, शिटी वाजायची आणि चष्मेवाले रस्त्यावरची नजर न हलवता अधूनमधून "हो" म्हणायचे. संसार झकास चालला होता.

बायको गाडीला 'माझी सवत' म्हणायची. आज त्याच सवतीची विचारपूस! चष्मेवाल्यांना भरूनच आलं.

"करतो की! का नाही करता येणार?"

आयुष्यभर भिंगं घासलेला माणूस तो. अंदाजाने काही करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी आधी सगळ्या खिडक्यांच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावली आणि गाडी पळवून पाहिली. शिटी बंद. मग एकेका खिडकीची पट्टी सोडवायची आणि पुन्हा चक्कर मारायची, असा प्रयोग सुरू झाला.

"अपघात झाला का हो? केवढी मलमपट्टी!" शेजाऱ्यांनी विचारलं.

"निदान चाललंय," चष्मेवाले म्हणाले.

डाव्या खिडकीची पट्टी काढताच शिटी परतली. चष्मेवाल्यांनी दारात कागदाची चिंधी धरून दार लावलं आणि चिंधी ओढली. रबर चांगलं असतं तर ती अडकली असती. वरच्या कोपऱ्यात ती अलगद हातात आली. तिथलं रबर शिळ्या पावासारखं कडक झालं होतं.

त्या मापाचं रबर मिळेना, म्हणून त्यांनी थोडं जाड आणलं. ते बसवल्यावर दार लागेना. दाराला खांदा दिला तेव्हा ते लागलं. पण आतली काच सुटून दाराच्या पोटात गेली. काच काढायला आतलं अस्तर उचकटलं, तर अस्तराच्या खुंट्या मोडल्या. खुंट्या बसवायला वाकले, तर कंबर धरली.

"राहू दे आता," बायको कंबरेला मलम चोळत म्हणाली. "चालत्या गाडीला खीळ कशाला?"

"अगं, तू पहिल्यांदा काहीतरी मागितलंस!"

बायको जरा गोंधळली आणि मलम चोळत राहिली.

तिसऱ्यांदा आणलेलं रबर चपखल बसलं. चिंधी चारही बाजूंनी घट्ट धरली गेली. चष्मेवाल्यांनी बायकोला गाडीत बसवलं आणि शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागले. काटा चढला. शिटी नाही! काचेबाहेर झाडं मुकाट्याने मागे जात होती. असं सुख त्यांनी या गाडीत कधी भोगलं नव्हतं.

"रविवारी डॉक्टरांना नुसता चहा द्यायचा की खायलाही काही करू?" बायको म्हणाली. अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"कोणते डॉक्टर?"

"दातांचे. गाडी न्यायला येणार आहेत ना?"

चष्मेवाल्यांनी गाडी कडेला घेतली. "कोणाची गाडी?"

"कोणाची म्हणजे? मागच्या महिन्यात याच रस्त्यावर नाही का बोललो आपण? म्हटलं, तुमच्या गुडघ्याला आता क्लच झेपत नाही, विकून टाकू. डॉक्टर हौशी आहेत, नीट ठेवतील. तुम्ही दोनदा हो म्हणालात. त्यांचं एवढंच म्हणणं होतं, की शिटी नको. दिवसभर ते यंत्र दातांत कुईकुई करतं, संध्याकाळी पुन्हा तेच कशाला? मला वाटलं, म्हणूनच तुम्ही जिवापाड खपताय."

"मला काही ऐकू आलं नव्हतं!"

"मग हो का म्हणालात?"

या प्रश्नाला उत्तर होतं. पण ते देण्यासारखं नव्हतं. बायको त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"म्हणजे ते पिवळे पडदेसुद्धा...?"

"पडदे आवडतात मला," ते घाईने म्हणाले.

"आणि पोरीला लांब शिकायला पाठवायचं विचारलं ते? तेही गाडीतच विचारलं होतं. मी आठ दिवस शब्द जुळवत होते. वाटलं होतं, तुम्ही आकांडतांडव कराल. तुम्ही एका दमात हो म्हणालात. त्या दिवशी मला वाटलं, आपला माणूस बाकी कसाही असो, मनाने मोठा आहे."

चष्मेवाल्यांना तो दिवस आठवेना. मुलगी निघाली तेव्हा हे सगळं कधी ठरलं, याचं त्यांना नवल मात्र वाटलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

"ते ऐकलं होतं मी," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

"मग गाडीचंही ऐकलंच असणार," बायकोने निःश्वास टाकला. "विसरला असाल. वय झालं."

"हो," चष्मेवाले म्हणाले.

रविवारी डॉक्टर आले, एक चक्कर मारून आले. "काय शांत आहे हो! नवी गाडीसुद्धा अशी नसते." चष्मेवाल्यांनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. डाव्या दाराला जोर लावू नका, एवढं सांगितलं आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत गाडीकडे बघत राहिले. गाडी गेल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

संध्याकाळी ते बाहेरच्या खोलीत बसले होते. स्वयंपाकघरात नळ धो धो वाहत होता, भांडी वाजत होती आणि त्यातून बायको काहीतरी बोलत होती. सवयीने "हो" त्यांच्या जिभेवर आला. त्यांनी तो गिळला. गुडघा धरून उठले, आत गेले आणि नळ बंद केला.

"काय म्हणालीस?"

बायको दचकली. असं विचारायला ते कधी उठून आले नव्हते. ती ओले हात पदराला पुसत खिडकीबाहेरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

"काही नाही. म्हटलं, विकायला नको होती."

"हो," चष्मेवाले म्हणाले.