चौथ्या भागाची रांग

“ड्रॅगन मरत नाही ना?” टेबलावर दोन्ही कोपरं टेकून लिनियाने विचारलं.

“मुळीच नाही,” आर्डिस म्हणाली.

हे सांगताना ‘मीठडोंगराचा ड्रॅगन’ या मालिकेच्या चार भागांपैकी आर्डिसने तीनच वाचले होते. पण बाण, विष आणि एक अख्खा हिमकडा अंगावर घेऊन जो साधा शिंकला नाही, तो चौथ्या भागात कशाला मरेल, असा तिचा तर्क होता. शिवाय विचारणारी मुलगी दहा वर्षांची होती आणि तिचा कुत्रा वॅफल मार्चमध्ये गेला होता. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक भल्या माणसाने तिला कुत्र्याचं पुस्तक भेट दिलं होतं. आता मुखपृष्ठावर कुत्रा आणि शेजारी बक्षिसाचा सोनेरी शिक्का असला की शेवट यायच्या आत कुत्रा मरतो, हा बालसाहित्यातला जवळजवळ निसर्गनियम आहे. अशी तीन कुत्री पुरून झाल्यावर लिनियाने वाचणंच सोडलं. आर्डिसने तिला हळूच अद्भुतकथांच्या कपाटाशी नेलं आणि पोरगी पुन्हा पुस्तकात डोकं घालून बसू लागली. मिनेसोटातल्या त्या तळ्याकाठच्या वाचनालयात मुलांचा विभाग सांभाळणाऱ्या आर्डिसला एवढं मोठं यश कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

लिनियाने तीन भाग फस्त केले. तेवढ्यात बाहेर गेलेला चौथा भाग परत आला. आर्डिसने तो जेवणाच्या सुट्टीत उघडला, थेट शेवटच्या प्रकरणावर गेली, आणि सँडविच तिच्या हातातच राहिलं.

ड्रॅगन मेला होता. नुसता मेला नव्हता, सावकाश मेला होता. जाता जाता एक छोटंसं भाषणही करून गेला होता.

“मिस आर्डिस, चौथा आला?” दुपारी लिनिया दारातूनच ओरडली.

“नाही गं. कुणीतरी नेलाय. मीसुद्धा त्याचीच वाट बघतेय.” पुस्तक आर्डिसच्या खणात, तिच्या स्वेटरखाली होतं.

“मग मागणी नोंदवते,” असं म्हणून लिनिया संगणकाकडे गेली.

आता जिल्ह्यातल्या दुसऱ्या शाखांकडेही त्या भागाच्या प्रती होत्या आणि मागणी नोंदवली की व्हॅनमधून त्या हव्या तिथे येत. आर्डिसपुढे एकच मार्ग उरला: सगळ्या प्रती आधीच भलत्या लोकांच्या नावावर अडवून ठेवायच्या. आणि मुलांच्या विभागाची प्रमुख म्हणून रांगेत कुणाला पुढे सरकवायचं, हे तिच्या हातात होतं.

“वेन, तुझं वाचनालयाचं कार्ड कुठंय?” तिने घरी येऊन नवऱ्याला विचारलं.

“माझं कार्ड आहे?”

“लग्नाआधी काढलं होतंस. मला भेटायला यायचास ना.”

“मग त्याचं काम झालं की!” वेन म्हणाला आणि पुन्हा गळाला दोरी बांधू लागला.

कार्ड सापडलं. मग बहिणीचं घेतलं, शेजारणीचं घेतलं. पण एक गोष्ट आर्डिसला समजेना. रांग तिने घातलेल्या नावांपेक्षा भराभर वाढत होती. रोज सकाळी बघावं तर आणखी चार नावं.

त्यात वाचनालयाचा एक नियम होता. एखाद्या पुस्तकाची रांग फार लांबली की नव्या प्रती आपोआप मागवल्या जात. संगणकाला माणसाच्या मनातलं कळत नाही, त्याला रांग कळते.

“आर्डिस, काय जादू केलीस गं!” शाखाप्रमुख कर्टिस नाचतच आला. तो तिच्याहून वयाने निम्मा आणि उत्साहाने दुप्पट होता. “बार्बेक्यूच्या पुस्तकालासुद्धा एवढी रांग नसते. वीस प्रती येतायत!”

“वीस?”

“आणि यंदाच्या उन्हाळी वाचनाला हेच पुस्तक! गावातल्या प्रत्येक मुलाला!”

“कर्टिस, तू वाचलंयस का ते?”

“छे! मी रांग बघितली.”

आर्डिसला डोळ्यांपुढे अख्खं गाव हुंदके देताना दिसलं आणि त्या गर्दीत कायमचं पुस्तक मिटणारी एक मुलगी.

खोकी आली त्याच सकाळी लिनियाही आली. ओले केस, खांद्यावर टॉवेल. खोक्यांवरचं नाव वाचून ती जागीच थबकली.

“बाळ, बस जरा,” आर्डिस म्हणाली. “मी तुला खोटं सांगितलं. म्हणजे सांगितलं तेव्हा मला माहीत नव्हतं. पण चौथ्या भागात...”

“तुम्ही वाचलंत?” लिनिया जवळजवळ किंचाळली. “कुणी दिलं तुम्हाला? मी एवढी रांग लावली तरी?”

“तू लावलीस?”

“डुलुथला मावशीकडे होतं ते. मी तिथेच वाचलं. मग मी पोहण्याच्या वर्गातल्या सगळ्यांच्या कार्डांवर मागणी टाकली, म्हणजे तुम्हाला मिळायला नको. एकेकाला च्युइंगगम द्यावं लागलं!”

“पण का गं?”

“तुम्ही किती खात्रीनं म्हणाला होतात, मरत नाही म्हणून.” लिनियाने टॉवेलचं टोक पिळलं. “तुम्हाला फार वाईट वाटलं असतं.”

म्हणजे जिल्ह्यातल्या त्या सगळ्यात लांब रांगेत उभ्या असलेल्या एकालाही ते पुस्तक वाचायचं नव्हतं.

“आणि तुला?” आर्डिसने जपून विचारलं. “तुला वाईट नाही वाटलं?”

“मावशीच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. मग मावशीला वॅफलचं सगळं सांगितलं. त्याला शेवटी डॉक्टरकडे नेलं तेव्हा मी गाडीतून उतरलेच नव्हते, तेपण.”

“मग?”

“मग मावशीपण रडली. मग आम्ही आइस्क्रीम खाल्लं.” ती जरा थांबली. “पुस्तक चांगलंय, मिस आर्डिस. फक्त आधी सांगायला हवं.”

आर्डिसने खणातून कोरं कार्ड काढलं. शिफारस लिहून फळीवर टांगायची तशी कार्डं ती गेली कित्येक वर्षं लिहीत आली होती. आज तिने पेन लिनियाच्या हातात दिलं.

कर्टिसने कार्ड वाचलं आणि कपाळावर हात मारला. “अगं, शेवटच फोडलात की! आता कोण नेणार?”

कार्डावर लिहिलं होतं: ‘ड्रॅगन मरतो. तरी वाचा. रडू आलं तर मिस आर्डिस इथेच असतात.’

शनिवारपर्यंत वीसच्या वीस प्रती गेल्या. त्यानंतरच्या आठवड्यात कर्टिसला घाईने दुसरीच मागणी नोंदवावी लागली: मुलांच्या विभागासाठी कागदी रुमालांची मोठी खोकी.